रुखवतातला कॉम्प्युटर

माझ्या लग्नाच्या रुखवतात मोत्यांचं एक तोरण मांडलं होतं. त्यावर आईनं चिठ्ठी लावली होती, ‘नवरीच्या हातचं’. ते तोरण जालन्याच्या बाजारातून आणलेलं होतं. क्रोशाचा रुमाल विकतचा, लोकरीचा ससा शेजारणीकडून मागून आणलेला, आणि सगळ्यांवर त्याच निळ्या शाईतली तीच चिठ्ठी. मला धड बटणसुद्धा लावता येत नाही. बाया तोरण हातात घेऊन ‘गुणाची हाये पोरगी’ म्हणत होत्या आणि मी शालू नेसून दातओठ खात बसले होते. हातानं करता येईल अशी एकच गोष्ट मला खरोखर येत होती आणि तीच घरच्यांनी करू दिली नव्हती.

मला कॉम्प्युटर जुळवता येत होता.

परतूरला बसस्टँडच्या मागं एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथं मी अडीच वर्षं शिकवलं. एखादं मशीन सुरू झालं नाही की आमचे सर ते उघडायचे, रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासायचे आणि परत बसवायचे. बहुतेक वेळा मशीन सुरू व्हायचं. पुढं हे काम माझ्याकडंच आलं. एकेक करत सगळे भाग खोलायला आणि बसवायला मी शिकले. पगारातला रुपया न मोडता मी पैसे साठवले होते. सुटे भाग औरंगाबादहून आणायचे आणि स्वतः जुळवायचं, असं ठरवून वहीच्या पानावर यादीही केली होती. त्या यादीत प्रिंटर बसत होता. कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेतला असता तर त्याच पैशांत नुसता कॉम्प्युटर आला असता. आणि प्रिंटर नसेल तर कॉम्प्युटर घेऊन करायचं काय, पत्ते खेळायचे? मला लोकांचे अर्ज, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका छापून द्यायच्या होत्या. लग्नानंतर स्वतःचं टेबल आणि स्वतःचं काम, एवढंच मागणं होतं.

तेवढ्यात घनसावंगीचं स्थळ आलं आणि ठरलं. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. त्यांनी ती यादी चष्मा लावून दोनदा वाचली.

‘ह्याच्यावर नाव कुठंय?’

‘कशाचं नाव?’

‘कंपनीचं. पावण्यांना सांगून बसलो मी, पोरीसंगं कॉम्प्युटर येऊन राह्यला म्हणून. रुखवतात मांडायचा हाये. नाव न्हाई दिसलं तर म्हणतील, सेकंडहँड माल गळ्यात बांधला.’

‘आप्पा, पैसे माझे हायेत. प्रिंटर लागतो मला.’

‘प्रिंटर मंग घेता येईल. जावईबापू घेतील.’

मी शेवटचं सांगून पाहिलं. ‘रुखवतात नवरीच्या हातचंच मांडतात ना? मंग हा मी माझ्या हातानं करून राह्यले.’

वडील हसले. आईही हसली. ‘हातचं म्हंजी तोरण, बाई,’ वडील म्हणाले. ‘पेचकस घेऊन बसणं म्हंजी हातचं न्हाई.’

त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

कंपनीचाच कॉम्प्युटर आला. खोकी न फोडता रुखवतात मांडली, नाव पुढं दिसेल अशी, आणि त्यांच्यावर हळदीकुंकू वाहिलं. पाहुण्यांनी नाव वाचलं आणि माना हलवल्या. माझी अडीच वर्षं त्या माना हलवण्यात खर्ची पडली.

घनसावंगीला माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, तो पुढच्या बैठकीत ठेवला आणि त्यावर तोच माझ्या ‘हातचा’ क्रोशाचा रुमाल घातला. मी टायपिंगची कामं घेऊ लागले. पण बैठकीत कुणी पुरुषमाणूस आला की अर्ध्या ओळीवरून उठून आत जायचं. प्रिंटर नव्हताच. जावईबापूंचा पगार घरखर्चातच संपायचा, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. मी फ्लॉपी भरून द्यायची आणि नवऱ्यानं ती तहसीलजवळच्या दुकानात न्यायची. छापून देणारा निम्म्याहून जास्त पैसे ठेवून घ्यायचा आणि वर ‘तुमची फ्लॉपी खराब आहे’ असंही सांगायचा.

एकदा ऐन परीक्षेच्या दिवसांत कॉम्प्युटर सुरूच होईना. नुसता बीप बीप आवाज. मी ऐकताक्षणी सांगितलं, ‘रॅम हाये. दहा मिनिटांचं काम. मी उघडते.’

मामंजी आडवे आले. मागच्या बाजूला कंपनीचं सील होतं आणि ते फाटलं तर वॉरंटी जात होती. ‘बिलकुल हात लावायचा न्हाई. कंपनीचा माणूस येईल.’

कंपनीचा माणूस तीन आठवड्यांनी आला. तोवर शाळेच्या प्रश्नपत्रिकांचं काम दुसऱ्याकडं गेलं होतं आणि ते परत कधी मिळालं नाही. त्यानं सील काढलं, रॅमची पट्टी उपसली आणि शर्टाच्या खिशातून खोडरबर काढलं. घासलं, बसवलं, नवीन सील चिकटवलं, चहा प्यायला.

‘बराबर धरलं!’ मामंजी म्हणाले. ‘कंपनीचा माणूस तो कंपनीचा माणूस.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत जाऊन पीठ मळायला घेतलं, आणि इतकं मळलं की सासूबाई म्हणाल्या, पुरे आता.

पुढं वॉरंटी संपली. फ्लॉप्यांच्या कामातून उरलेल्या पैशांतून मी एक रिकामी कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा नुसता सांगाडा, क्लासवाल्या सरांकडचा जुना मॉनिटर-कीबोर्ड आणि शेवटी एकदाचा प्रिंटर आणला. मामंजी कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेले होते, त्या दिवशी बैठकीतल्या कॉम्प्युटरचं सील मी फाडलं. आतलं सगळं काढून मागच्या खोलीत माझ्या कॅबिनेटमध्ये बसवलं. नवरा दारात उभा राहून बघत होता. ‘मी काही पाह्यलं न्हाई,’ एवढंच तो म्हणाला. रिकामा डबा मी पूर्वीसारखा बंद केला आणि जागेवर ठेवला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. तो सुरू करतच कोण होतं? मागच्या खोलीतल्या मशीनला मामंजी ‘ते डबडं’ म्हणायचे. त्या डबड्यावर अर्ध्या गावाच्या लग्नपत्रिका निघू लागल्या आणि घरातला किराणा त्यातून येऊ लागला, तरी ते डबडंच राहिलं.

मग एकदा वडील आले. मी चहा घेऊन बैठकीत गेले तेव्हा मामंजी रुमाल उचलून त्यांना कॉम्प्युटर दाखवत होते. मागच्या खोलीत प्रिंटर करकरत होता.

‘वॉरंटी संपल्यापासून एकदाबी बिघडला न्हाई,’ मामंजी म्हणाले.

‘म्हणून तं म्हणलो होतो, कंपनीचाच घ्या,’ वडील म्हणाले आणि माझ्याकडं पाहून हसले. तेच हसणं. ‘आन् हा आवाज कशाचा येऊन राह्यला?’

‘तिनं काहीतरी जुळवलंय तिकडं.’

टेबलावर कप ठेवायला जागा नव्हती. मी तो डबा एका हातानं उचलला आणि जमिनीवर ठेवला. वडील त्या डब्याकडं बघत राहिले, मग माझ्या हाताकडं.

‘इतका हलका?’

‘हो,’ मी म्हणाले. ‘कंपनीचा हाये.’