अण्णांचा धप्पा

“हात नको, जागा द्या.” रहाडीतून वर येताना अण्णा दरवर्षी हेच म्हणायचे. रंगपंचमीला नाशकात रहाडी उघडतात, ठाऊक असेल तुम्हाला. पुरुषभर खोल दगडी हौद, त्यात रंगाचं पाणी, आणि त्यात अंग झोकून मारायचा तो धप्पा. धप्पा कुणीही मारतो हो, वर यायला दंडात दम लागतो. आमचे शेजारी अण्णा, साठी उलटलेले भांड्यांचे दुकानदार, एका झोकात काठावर. “शोभतं का या वयात?” त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, आणि बघायला सगळ्यात पुढं त्याच.

मागच्या पावसाळ्यात अण्णांना व्हायरल ताप आला. ताप घामानं काढायचा म्हणून या गृहस्थानं तापातच बैठका मारल्या. सकाळी मांड्या दगड झालेल्या, लघवी काळ्या चहासारखी. रिक्षात बसवताना ते पहिल्यांदाच म्हणाले, “दे रे हात.”

डॉक्टरीणबाईंनी झाप झाप झापलं. “विषाणूनं स्नायू दुखावलेले, वर बैठका! स्नायू फुटून त्यातला गाळ रक्तात आलाय. किडनी वाचली हे नशीब.”

“रहाडीत उतरता येईल ना?” अण्णांनी विचारलं.

बाई हसल्या. “स्नायूंना चिकटून राखीव पेशी झोपलेल्या असतात. इजा झाली की जाग्या होतात. आधी मोडतोड साफ होते, मग नवे धागे तयार होतात. फक्त घाई करू नका.”

झालं, अण्णांना विषयच मिळाला. कढई घ्यायला आलेल्या बाईलाही स्वतःची मांडी थोपटून सांगायचे, “आत काम चालू आहे.” ती बिचारी दचकायची. आधी भिंत धरून चालले, मग काठीनं, मग काठी दुकानातच विसरायला लागले.

यंदा डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली आणि स्वतःही बघायला आल्या. अण्णांनी धप्पा मारला, पाणी थेट आमच्या तोंडावर. मग त्यांनी काठाला हात लावले. दंड थरथरत होते. मला राहवेना, मी वाकून हात पुढं केला.

“जागा दे,” म्हणाले, आणि आले की वर! वहिनी रडत होत्या, मी वेड्यासारखा नाचत होतो.

मला पोहता येत नाही, जन्मभर काठावरच उभा. अण्णा म्हणाले, “आता तू मार. काढायला मी आहे ना.”

मी डोळे मिटून उडी मारली. नाकातोंडात रंग गेला. तेवढ्यात मनगटावर त्यांची पकड बसली आणि एका हिसक्यात मी बाहेर होतो.