करदोट्याचा देव

शुक्रवारी सकाळी शैलाच्या मुलीचा, मीराचा फोन आला. "मावशी, आई इज गॉन," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेल. पण शैला दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लायब्ररीत जाणार होती. बरोबर काय नेणार होती हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी तिला दोन महिने अडवून धरलं होतं... आता तिला जाऊन दीड महिना झाला. लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

अमेरिकेतल्या या बॉथेल गावात आम्ही दोघी एकाच सुमारास आलो, ती लॅबमध्ये, मी सॉफ्टवेअरमध्ये. तिने घर घेतलं तेव्हा वास्तुशांत केली. वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरायला तिचा नवरा (आता तोही नाही) आग्नेय कोपऱ्यात खणायला लागला, तर हातभर खाली एक दगड लागला. मुठीएवढा, गुळगुळीत, मधोमध सगळीकडून फिरलेली खाच. खाच कुणीतरी पाडलेली आहे, हे इंजिनिअर असून माझ्या डोक्यात आलं नाही. गुरुजी म्हणाले, "भूमीनं दिलंय, नाही म्हणू नका." शैलाने दगड धुतला, खाचेत काळा करदोटा बांधला आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी बसवला. पंचवीस वर्षं त्याला रोज आंघोळ, गंध, फूल.

एक गोष्ट मात्र ती फक्त मला सांगायची. तो दगड वाळत नसे. बाकीचे देव पुसले की कोरडे, याच्याखालचं लाल कापड मात्र रोज सकाळी ओलं. शिवाय वास. ज्या घरात कधी अंडंही शिजलं नाही, त्या घरातल्या देव्हाऱ्याला नदीचा, मासळीचा वास. मी म्हणायचे, "अगं, इथली हवाच दमट." त्यावर ती शांतपणे विचारायची, "मग बाळकृष्ण का नाही गं ओला होत?" मी लगेच चहा मागायचे.

गेल्या वर्षी दुकानाच्या पार्किंगमध्ये एका माणसाने तिला "गो बॅक टू युअर कंट्री" म्हणून सुनावलं. शैला भयंकर चिडली. लायब्ररीत दर शनिवारी वर्णद्वेषाबद्दल बोलायला, शिकायला गावातले लोक गोल करून बसतात, तिथे ती आपली तक्रार घेऊन गेली. मला म्हणाली, "तू पण चल." मी गेले नाही, असल्या बैठकांची मला टिंगल करायची सवय. तिथे तिला रूथ भेटली, सत्तरीची, इथल्या मूळ रहिवाशांपैकी. शैलाचं ऐकून घेऊन ती म्हणाली होती, "माझ्या नातवालाही हेच सांगतात. आम्ही कुठे परत जायचं?" त्या दिवसापासून शैलाने एकही शनिवार चुकवला नाही.

मग एकदा रूथने आपल्या आजोबांच्या मासे धरायच्या जाळ्याबद्दल सांगितलं. जाळं तळाशी राहावं म्हणून त्याला खाचेचे दगड बांधत. असे दगड अजून लोकांना अंगणात सापडतात आणि लोक ते शोभेला ठेवतात... शैला तिथून थेट माझ्या घरी आली.

"आपण त्यांची वस्तू घेतली गं. आणि वर पूजा केली. मी रूथला नेऊन देते."

"वेड लागलंय का तुला? पंचवीस वर्षं काय करत होतात विचारतील. उद्या अंगण खणायला येतील. गणपती होऊ दे, मग बघू."

गणपती झाले. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. तिला भीती नव्हती, मला होती. गुरुवारी संध्याकाळी ती म्हणाली, "परवा नेतेच. हल्ली सकाळी कापड पिळावं लागतं." मी हसले. त्या हसण्याची मला फार लाज वाटते.

तिच्या पर्समध्ये खणाच्या कापडात गुंडाळलेला दगड मीराला सापडला. पुढच्या शनिवारी मीच तो घेऊन लायब्ररीत गेले आणि शैलाच्या अंगणात सापडला होता म्हणून रूथपुढे धरला. रूथने तो तळहातावर घेतला, करदोट्याला बोट लावून विचारलं, "हे काय?" मी सांगितलं, आमच्यात लहान मुलांच्या कमरेला बांधतात, नजर लागू नये म्हणून. तिने खाचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "शैला स्वतः का नाही घेऊन आली?" ती गेल्याचं तिथे कुणालाच कळलं नव्हतं. मी ते सांगितलं, आणि पुढचंही सांगितलं. मी अडवलं. रूथ "हरकत नाही" म्हणाली नाही. शैलाच्या रिकाम्या खुर्चीकडे हात करून म्हणाली, "बसा."

मीरा शैलाचं घर आवरेपर्यंत तिथल्या देवांना दिवा लावायचं काम माझ्याकडे आहे. सकाळी जाते. दगड आता नदीकाठी, रूथच्या माणसांकडे आहे. बाळकृष्ण कोरडा असतो. त्याच्याशेजारची जागा रिकामी, आणि तिथलं लाल कापड रोज ओलं, मुठीएवढंच. मी मीराला सांगितलेलं नाही. पुसतही नाही. "अगं, दमट हवा," म्हणायला तोंड उघडते, आणि ऐकायला शैला नसते.