माझं गणित कुणी नेलं?

"स्किझोफ्रेनिया," डॉक्टरबाई म्हणाल्या. अम्मीला शब्द कळला नाही. "पण उतरंल ना हे?" तिनं विचारलं, जसं काही मला ताप होता. मला ताप नव्हता. मला आवाज ऐकू येत होते.

मी करमाडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. आधी वाटलं, स्टाफरूममध्ये माझ्याबद्दलच बोलतात. मग रिकाम्या वर्गातही तेच बोलणं ऐकू येऊ लागलं. एकदा शिकवताना मी फळ्याकडं तोंड करून ओरडले, "गप्प बसा!" वर्गात कुणीच बोलत नव्हतं. मुख्याध्यापकांनी माझ्या मोठ्या भावाला, भाईजानला, बोलावून घेतलं.

अँटीसायकोटिक गोळ्या सुरू झाल्या. भास आणि संशय कमी करणारं हे औषध. हळूहळू आवाज विरले, पण त्यांच्यासोबत माझंही काहीतरी विरलं. जीभ जड झाली, अंग सुटलं, दिवसभर झोप यायची. शाळेत परत गेले तर समीकरण अर्ध्यावर सुटायचं. पुढची पायरीच आठवायची नाही. मुलं हसली नाहीत. तेच जास्त लागलं.

त्याच सुमारास भाईजाननं मोबाइलवर पाहिलं, की या गोळ्या मेंदूतलं व्हाइट मॅटर खातात. "जहर हाय हे," तो म्हणाला. "बस झालं, बंद कर." मलाही तेच ऐकायचं होतं. कुणाला न विचारता आम्ही गोळ्या बंद केल्या.

सुरुवातीला डोकं हलकं झालं. मी भराभर गणितं सोडवली, भाईजाननं मिठाई आणली. मग आवाज परतले. आता ते अम्मीबद्दल बोलायचे: ती जेवणात विष कालवते. मी जेवण सोडलं. अम्मी समोर बसून माझ्या ताटातली भाकर आधी स्वतः खायची. "बघ बेटा, मला काय झालं का?" मला वाटायचं, हिनं आधीच विषावर उतारा घेतलाय. एका दुपारी मी तिला ढकललं. ओट्यावर आपटून तिचं मनगट मोडलं.

मला भरती केलं. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून अम्मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहायची. मी तिला आत येऊ देत नव्हते.

एमआरआय झाला. रिपोर्ट नॉर्मल. "म्हणजे मेंदू शाबूत हाय?" भाईजाननं विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "व्हाइट मॅटर म्हणजे मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणाऱ्या तंतूंचं जाळं. या आजारात ते कमजोर पडलेलं आढळतं, कधीकधी औषध सुरू होण्याआधीच. औषधानं ते सावरतं की आणखी बिघडतं, यावर संशोधकांचं एकमत नाही. जास्त डोस वर्षानुवर्षं घेतला तर नुकसान होत असावं, अशी शंका आहे. असे बारीक बदल साध्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत."

"मग माझं गणित कुणी नेलं? आजारानं की गोळीनं?"

"तुमच्यापुरतं मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण औषध बंद केल्यावर काय झालं, ते तुम्ही पाहिलंत. कमीत कमी किती डोस पुरतो, ते आपण सावकाश शोधू."

खोटा धीर दिला असता तर सोपं गेलं असतं. पण त्या खरं बोलल्या, म्हणून मी गोळी घेतली.

आता औषध बदललंय, डोस उतरलाय. आवाज क्वचित येतात, लांबून. शाळा सुटली ती सुटलीच. अम्मीचं मनगट पूर्ण वळत नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर गोळी मनानं बंद करू नका. आणि शंका आली तर ती गिळूही नका, डॉक्टरांसमोर बोला.

परवा मी गॅसवर दूध ठेवून विसरले. भाईजान खेकसला, "डोळे फुटले का तुझे?" आजारी पडल्यापासून घरात कुणी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. तो एकदम कावराबावरा झाला.

"तू तिथंच व्हतास ना?" मी म्हणाले. "तुला गॅस बंद करता येत नाय?"

मग आम्ही लहानपणी भांडायचो तसं कडाकडा भांडलो. अम्मी दारात उभी होती. तिनं आम्हाला थांबवलं नाही.