खाट गोठ्याबाहेर

गोठ्यातल्या खाटेवर पेंगताना चांदणी गायीचा श्वास वडनेरच्या लहानूजींच्या पाठीला लागे. त्यातला आपला कोणता, तिचा कोणता, हे झोपेत कळत नसे. पण यंदा त्यांच्या पायाची जखम भरेना आणि तिच्या कासेची सूज उतरेना.

"हे दुखणं गायीनंच दिलं, मामाजी. विका तिले," सून गोपिका म्हणाली.

दोघांचे नमुने तपासायला घेऊन गेलेल्या प्रयोगशाळेतल्या पौर्णिमाताई आज आल्या. "दोघांचे जंतू जनुकांवरून एकाच वंशाचे निघाले. औषधाला दोन्ही दाद देत नाहीत. कोणी कोणाला दिले, ते सांगता येत नाही."

आपल्या जखमेच्या औषधाच्या उरलेल्या कॅप्सूल ढेपेत मिसळून तिला चारल्याचं लहानूजींना आठवलं.

"मंग मले बी विकजो, सूनबाई."

गोपिकेला हसू आलं. गाय राहिली, खाट मात्र गोठ्याबाहेर आली. तिथं डोळे मिटले, तरी पाठीला तो श्वास लागतच होता.