साडूचा चालता रणगाडा

माझ्या साडूच्या मते या पृथ्वीतलावर संपूर्ण निरुपयोगी अशी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे मी. बाकी सगळ्याचं काही ना काही होतं. सिल्व्हर पार्कला आमच्या घरी जेवायला आला की तो पानाकडे नंतर बघतो, आधी ओट्यावर नजर टाकतो. त्याच्या घरात शॅम्पू अर्ध्यावर आला की माझ्या मेहुणीला तो वाटीत काढून ठेवावा लागतो, कारण बाटलीवरच्या पंपाचा गुडघा फार सुरेख होतो. आमचा मिक्सर जळला तेव्हा त्याने त्याच्या सुट्या भागांची चौकशी अशा हळव्या आवाजात केली, की घरात कुणी गेलंय आणि हा नेत्रदानाचं विचारतोय असं वाटावं.

हे सगळं कशासाठी, तर युद्धासाठी. दर रविवारी हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यात, मशिनी बंद असताना, चांगली बायकापोरांची माणसं टेबलावर डोंगर नि पडक्या भिंती मांडतात, बोटभर सैनिक उभे करतात आणि टेपने अंतर मोजून, फासे टाकून लढतात. बाकीचे सैन्य विकत आणतात. साडूने मात्र दोन पायांवर चालणारा वीतभर रणगाडा स्वतः बनवण्याचा पण केला. पाय पंपाचे, तोफ रिफिलची, डोकं म्हणजे आमच्या कुकरची शिट्टी (आम्ही तेव्हापासून वरण अंदाजाने शिजवतो), आणि धड गावच्या गणपतीच्या मखरातून उरलेल्या थर्माकोलचं. काम इतके महिने चाललं की मंडळी त्याला "भाई, इस जनम में बनेगा ना?" असं विचारू लागली. शेवटी त्याने येत्या रविवारचा शब्द दिला. फक्त रंग राहिला होता, आणि बिनरंगाचं काहीही टेबलावर चढवायचं नाही असा तिथला कडक नियम.

शनिवारी तो रणगाडा घेऊन आमच्याकडे आला, कारण आमच्या गॅलरीत ऊन चांगलं येतं. तो ब्रश धुवायला आत गेला. मला वाटलं, आपणही हातभार लावावा. ग्रिल रंगवून उरलेला स्प्रे घरात होता. मी तो खळखळ हलवला आणि सोडला. स्प्रे थर्माकोल खातो, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीही लहानपणी एक अख्खं मखर असंच संपवलेलं आहे. पण अनुभवातून शिकण्याची घाई मी कधी केलेली नाही. रणगाड्याची छाती तव्यावरच्या लोण्यासारखी बसली आणि शिट्टी पोटात गेली.

बायको म्हणाली, "तुम्हाला फक्त बसायला सांगितलं होतं. तेवढंही जमू नये?"

साडू ब्रश घेऊन आला. बराच वेळ वाकून बघत राहिला. मी मनातल्या मनात माफीची जुळवाजुळव करत होतो.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "आणखी थोडा मारा. डाव्या खांद्यावर."

मी मारला. तो पुटपुटत होता, की तोफेचा गोळा लागून वितळलेलं चिलखत असंच दिसायला हवं, आणि ब्रशने हे त्याला जन्मात जमलं नसतं. मग त्याने आतली पोकळी एम-सीलने भरली, शिट्टी परत बसवली, वरून गंजासाठी गेरू फासला.

रविवारी मीही गेलो, पुरावा म्हणून. समोर हार्डवेअरवाला गुजराती गडी होता. त्याने चष्मा वर केला, टेबलाला हात टेकून वाकला आणि विचारलं, "बॉस, ये कहाँ से मंगवाया?"

एकेका स्क्रूचं चरित्र सांगणारा माझा साडू कसंबसं म्हणाला, "घर पे... बनाया."

दुसऱ्याच डावात फासे उलटे पडले आणि रणगाडा मेला. मेलेलं उचलायचं असतं. साडूने हात पुढे केला तर तो हार्डवेअरवाला म्हणाला, "रहने दो ना. अच्छा लग रहा है." मग मेलेल्या रणगाड्याच्या आजूबाजूने संध्याकाळपर्यंत लढाई चालली.

परत येताना रिक्षात साडूने रणगाड्याचा खोका मांडीवर घेतला होता. मी बाहेर बघत बसलो. माझ्या हातून झालेल्या कुठल्याही गोष्टीकडे बघून, ही कुठून आणली, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. पुढे खड्डा आला, तेव्हा माझाही हात आपोआप खोक्याखाली गेला. साडूने तो काढायला सांगितलं नाही.