कॅरेटचं पूजन

आमच्या वन्यजीव संस्थेचं नाव लांबलचक आहे आणि कार्यालय म्हणजे संगमनेरात डॉक्टरबाईंच्या गुरांच्या दवाखान्यामागची एक खोली. मी त्यात शिरलो तो प्राणिप्रेमाने नव्हे. संस्थेची जीप कायम गॅरेजात असे आणि माझी, म्हणजे निवृत्त मास्तराची, गाडी कायम रिकामी. वाघ-बिबट्यांबद्दल मी बरंच वाचलं होतं. वाचनातला बिबट्या सभ्य असतो, पुस्तक मिटलं की जातो.

त्या दुपारी एका उसाच्या फडातून फोन आला. तोडणी चालू असताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती. अशा वेळी करायचं ते सरळ असतं. टोमॅटो भरायच्या प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये पिल्लं घालायची, सापडली त्याच जागी ते कॅरेट ठेवायचं आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांनी लांब व्हायचं. आई येते, कॅरेट पाडते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पिल्लं जागेवर नसली तर ती शोधत फिरते, आणि मग वस्तीतूनही फिरते. डॉक्टरबाईंनी वनखात्याशी फोनवर बोलून घेतलं आणि आम्ही निघालो.

पोचलो तर फडात टेबल मांडलेलं. टेबलावर शाल, नारळ, आणि मधोमध पिल्लांचं लाल कॅरेट. कॅरेटला हळदकुंकू. गावात बोअर असो, ट्रॅक्टर असो, नवं काही आलं की त्याचं पूजन होतं. पिल्लं तर देवीचं वाहन, ती कशी सुटणार? एकाच्या कपाळावर कुंकू होतं. डॉक्टरबाईंनी ते ओल्या कापसाने पुसलं, तेव्हा गावच्या पुढाऱ्यांचा चेहरा जरा उतरला.

"म्याडम, आधी तुमचा सत्कार. मी दोन शब्द बोलतो, मग ठिवा पिल्लं."

"साहेब, दिवस मावळतोय."

"दोनच शब्द."

शाळेतल्या समारंभांत माझं आयुष्य गेलं आहे. दोन शब्दांची लांबी मला माहीत होती.

पिल्लं जिला सापडली ती तोडणीवाली बाई टेबलाशेजारी उभी होती, फोटोसाठी. पाथर्डीकडची. तिची कोपी, म्हणजे झोपडी, तोडलेल्या रानाच्या पलीकडच्या टोकाला, उभ्या उसाला लागून. नवरा उसाची गाडी घेऊन कारखान्यावर गेलेला, कोपीत तान्हं पोर आणि सासू. ती सारखी तिकडे बघत होती.

"सायेब, जाऊ का? पोरगं निजवून आलेय."

"थांब की बाई. फोटोत तू न्हाईस तर लोकं म्हनतील, पिल्लं मीच घातली."

लोक हसले. ती हसली नाही.

भाषणातलं पहिलं वाक्य अजून क्रियापदापर्यंत पोचलं नव्हतं, तेव्हा उभ्या उसातून आवाज आला. जाड लाकडावर करवत ओढावी तसा. थांबला. पुन्हा आला, जरा जवळून.

कोणी ओरडलं नाही. तोडणीच्या टोळीत वाघ हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. "जनावर," ती बाई हळूच म्हणाली. पुढारी स्वतःच्या गाडीत बसले आणि त्यांच्या मागे सभा पांगली. शाल टेबलावरच राहिली. डॉक्टरबाईंनी कॅरेट उचललं, बाईने बोट दाखवलं त्या जागी ठेवलं आणि चालत परत आल्या. मी गाडीचं दार उघडं धरून उभा होतो. मदत म्हणून नव्हे, दाराचा आधार होता म्हणून.

तेवढ्यात ती बाई रानातून सरळ कोपीकडे निघाली. डॉक्टरबाईंनी तिचा दंड धरला.

"मधून नको."

"माझं पोर हाय तिकडं."

"गाडीने जाऊ. वळसा घालून."

पाटाच्या कडेच्या वाटेने मी गाडी घातली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, पानं काचेला घासत होती. काच वर होती, तरी मी ती वर करायचं बटण दाबत राहिलो. मागच्या सीटवर ती बाई पुढे वाकून कोपी दिसते का बघत होती.

कोपी पाचटाची, दाराला पोतं. आत सासू पोराला मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसली होती. हातात कोयता.

"आलीस का फोटू काढून?"

"आत्याबाई, उठा. गाडीत बसा."

"कुन्या लग्नाला जायचंय?" म्हातारी म्हणाली, पण तिला एका दमात उठता आलं नाही. पोर सुनेच्या हातात गेलं, पण कोयता म्हातारीने गाडीतही सोडला नाही.

आता गाडी हलली तर पिल्लांची आई बुजेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, म्हणून दिवे बंद करून आम्ही तिथेच बसलो. दूर रानात कॅरेटचा लाल ठिपका अजून दिसत होता. मी बिबट्याच्या मादीला पाहिलं असं म्हणणं जास्तीचं होईल. जमिनीचा एक तुकडा चालू लागला एवढंच. ठिपका आडवा झाला. तो तुकडा आमच्या बाजूने आला, कोपीजवळून उसात शिरला. पोराने तोंड उघडलं तशी बाईने त्याला घट्ट छातीशी लावलं. जनावर परत गेलं, परत आलं.

"नेली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही नेली." त्यांच्या आवाजात आनंद होता आणि तो रास्तच होता.

"कुठं नेली?" मागून प्रश्न आला.

"जवळच. लगेच लांब नाही नेत ती."

"म्हंजे ह्या उभ्या उसात?"

"हो."

"उद्या आमची तोड हितंच हाय."

डॉक्टरबाईंनी पुढाऱ्यांना फोन लावला. थोडे दिवस तोड दुसरीकडे घ्या, या माणसांना आज गावात झोपायला जागा द्या. त्यांनी आधी अभिनंदन केलं. मग म्हणाले, "तोडीचा कार्यक्रम कारखान्याचा असतो, म्याडम. बघू सकाळी."

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं. बाईने पोराला पदराखाली घेतलं आणि कोपीच्या पोत्याकडे बघत बसली. ती उतरली नाही, आणि उतर असं तिला कोणी म्हणालंही नाही. मी गाडी सुरू केली आणि दवाखान्यामागच्या त्या खोलीत किती माणसं मावतील याचा विचार करत हळूहळू मागे घेऊ लागलो.