चिकटलेल्या पानावरची बेचाळीस नंबरची नोंद

सुरुवातीलाच सांगते, शाळेत कुणी भुताखेताचा विषय काढला की पोरांना झापणारी मीच. आमच्या भागात अजूनही एखाद्या बाईला डाकीण ठरवून गाव तिच्या जिवावर उठतं, त्याविरुद्ध पाड्यापाड्यांवर जाऊन बोललेली आहे मी. त्यामुळे हा अनुभव लिहू की नको यात वर्ष गेलं. पण जे घडलं ते घडलं...

मी लोणखेड्याला राहते, भूगोल शिकवते. घरी मी आणि आई. आईला आम्ही माय म्हणतो. वय ऐंशीच्या आसपास — नक्की तिलाही ठाऊक नाही. मागच्या वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते, तर एकदम म्हणाली,

"मन्ही मायनं नाव काय व्हतं, तुले माहीत शे का?"

मी म्हटलं, "गंगाबाई ना."

"ती नई. ती सावतर माय. मन्ही माय. माले जलम देनारी."

माझा हात थांबला. जवळजवळ ऐंशी वर्षं ही बाई स्वतःच्या आईचं नाव न कळता जगली, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

मायला एवढंच माहीत होतं — तिचे वडील, म्हणजे आमचे नाना, रेल्वेत सांधेवाले होते, गाडीचा रूळ बदलणारे. तरुणपणी खांडबारा स्टेशनवर होते. पहिली बायको त्याच भागातली. माय दोनेक वर्षांची असताना ती तापाने गेली. नानांनी पोरीला शहाद्याकडे गावी आणलं, दुसरं लग्न केलं आणि त्या विषयावर कुलूप लावलं ते मरेपर्यंत. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव गंगाबाई. फक्त गंगाआजी चिडली की मायला म्हणायची, "पाद्रीवालीनी पोर!" मायला वाटायचं ही एखादी शिवीच असेल.

ऑपरेशन चांगलं झालं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

मी शोध सुरू केला. रेल्वेच्या जुन्या कागदांत नाना सापडले, बायकोच्या नावाची जागा कोरी. ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. मग वाटलं, जुन्या खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत, घराघरातली नावं असतील. एका सरकारी ऑफिसातल्या भल्या माणसाने समजावून सांगितलं — "मॅडम, नावांचे कागद बघायला मिळत नाहीत. गावाचे आकडे तेवढे छापील आहेत." त्यांनी पुस्तक काढून दिलं. गावाचं नाव, घरं इतकी, पुरुष इतके, स्त्रिया इतक्या. त्या स्त्रियांच्या आकड्यावर मी बराच वेळ बोट ठेवून बसले. त्यातली एक माझी आजी होती. पण कोणती?

राहिला "पाद्रीवाली" हा शब्द. खांडबाऱ्याच्या पुढे एका लहान गावात जुनं चर्च आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथलं लग्नांचं रजिस्टर सांभाळतात ईशाक सर, निवृत्त शिक्षक. फोन केला तर म्हणाले, "या की. फोटो काढू देणार नाही, कमिटीचा नियम आहे. पण हाताने हवं तेवढं उतरवून घ्या."

फेब्रुवारीअखेरची गोष्ट. चर्चच्या शेजारच्या खोलीत खिडकीपाशी टेबल. बाहेर अंगणात वाल वाळत घातलेले, कोंबड्या फिरत होत्या. सरांनी कापडात बांधलेलं रजिस्टर ठेवलं. "मधली काही पानं चिकटलीत, छप्पर गळलं होतं कधीतरी. ती ओढू नका, फाटतील," एवढं बजावून ते व्हरांड्यात पेपर वाचत बसले.

मी लिहायला घेतलं. नानांचं लग्न ज्या काळात झालं असेल त्या सगळ्या नोंदी क्रमाने, शब्द न् शब्द. वर, वधू, बाप, गाव, धंदा, साक्षीदार. मध्ये सरांनी कोरा चहा दिला. त्या चार तासांत काहीही विचित्र घडलं नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण मला तेच विचारतात. कुणी दिसलं नाही, आवाज नाही, थंडी वाजली नाही. एवढंच आठवतं की मध्ये थोडा वेळ फार बरं वाटलं... लहानपणी मागे बसून कुणी वेणी घालून देताना जसं सुस्तावल्यासारखं होतं, तसं. चहाची सुस्ती म्हणून मी सोडून दिलं.

नानांचं नाव मिळालं नाही. सरांचे आभार मानले, खांडबाऱ्याहून गाडी पकडली. डब्यात खिडकीशी जागा मिळाली म्हणून सहज वही उघडली...

तिसऱ्या पानावर, माझ्याच अक्षरात, माझ्याच निळ्या पेनाने लिहिलेलं होतं —

"क्र. ४२. वर — दगडू उखा, धंदा रेल्वेत सांदेवाला. वधू — मार्था ऊर्फ जेमी, बाप रूपजी." पुढे गावाचं नाव. आणि शेवटी: "वधूचा डावा अंगठा, मधोमध आडवी चीर."

दगडू उखा म्हणजे आमचे नाना.

ज्या नावासाठी मी गेले होते ते मीच लिहिलं होतं आणि मला पत्ता नव्हता! मी ती ओळ पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचत होते. समोरच्या बाईंनी विचारलं, "ताई, पाणी देऊ का?"

नंदुरबारला उतरून प्लॅटफॉर्मवरूनच सरांना फोन लावला. त्यांनी रजिस्टर उघडलं. बराच वेळ नुसता पानांचा आवाज.

"मॅडम, तुमची काहीतरी गडबड होतेय. चाळीस नंबर आहे. त्याच्यापुढे चिकटलेली पानं. मग दिसतो तो थेट पंचेचाळीस."

"बेचाळीस?"

"बेचाळीस चिकटलेल्या पानांच्या आत असेल. तुम्ही ती उघडली का?"

"नाही हो सर. शप्पथ."

"मला माहीत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मी दारातच बसलो होतो."

मायला मी काही सांगितलं नाही. चुकीचं नाव या वयात तिच्या हातावर ठेवायचं? खात्री हवी होती. नंदुरबारला पिढ्यान्‌पिढ्या बाइंडिंगचं काम करणारे एक चाचा आहेत, जुन्या पोथ्या आणि कुराणशरीफ दोन्ही बांधून देतात. ईशाक सरांनी कमिटीला विचारलं आणि स्वतः रजिस्टर शालीत गुंडाळून, मांडीवर धरून गाडीने घेऊन आले. चाचांनी ओलसर कागदांमध्ये ती पानं दोन दिवस दाबून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला बोलावलं आणि चपट्या हाडाच्या पट्टीने इंच-इंच करून पान सुटं केलं.

सर वाचत होते, मी माझी वही धरून उभी होते. क्रमांक बेचाळीस. दगडू उखा. "सांदेवाला" — लिहिणाऱ्याची 'सांदे' ही चूकसुद्धा तशीच. मार्था ऊर्फ जेमी. बाप रूपजी. आणि खाली अंगठ्याचा शाईचा ठसा, मधोमध पांढरी आडवी रेघ.

सरांनी माझी वही घेऊन ओळ न् ओळ पुन्हा ताडून पाहिली. मी चाचांना विचारलं, "हे पान अलीकडे कुणी उघडून परत चिकटवलेलं असू शकतं का?"

चाचांनी पान उजेडाकडे धरलं. "बेटी, हे देख. कसरनं भोक दोन्ही पानेस्मातून आरपार शे. चिकटेल व्हतं तवयनं भोक शे हे. तुन्हा जलमना आगोदरपासून हे बंद शे."

त्या दिवशी घरी जाऊन मी मायला सांगितलं. ती भाजी निवडत होती. पालकाची जुडी हातातच राहिली.

"आखो एकदाव वाच," म्हणाली.

मी वाचलं.

"जेमी," ती म्हणाली. मग परत, लहान मूल नवा शब्द जिभेवर घोळवतं तसं, "जेमी. मन्ही माय जेमी." रडली नाही. पदराने चष्मा पुसला आणि विचारलं, "रूपजीना घर कोनी शे का आते?"

होतं. नोंदीतलं ते गाव चिंचपाड्याच्या पलीकडे. ईशाक सरांनीच चौकशी केली आणि सोबतही आले. जेमीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, बोंडीबाई, मायच्याच वयाची, कुडाच्या घराच्या ओट्यावर आमची वाट बघत बसली होती. ती तिच्या बोलीत बोलायची, माय अहिराणीत, मध्ये सर.

मी अंगठ्याचं विचारलं. बोंडीबाईने लगेच स्वतःच्या अंगठ्यावर बोट ओढून दाखवलं — मोठ्या मावशीला नागली, म्हणजे नाचणी, कापताना विळा लागला होता, असं तिची आई सांगायची.

मग तिने जे सांगितलं ते सर आम्हाला एकेक वाक्य करून सांगत गेले. जेमी गेल्यावर रूपजी नातीला बघायला शहाद्यापर्यंत गेला होता. त्याला दारातूनच सांगितलं गेलं की पोरगीही त्याच तापात गेली. कुणी सांगितलं, आता कुणाला विचारायचं? इथे सगळ्यांनी तिचंही दुःख केलं. दर वर्षी आई आणि लेक दोघींची नावं प्रार्थनेत घेतली जायची.

"आमच्याकडे तू मेलेली होतीस," बोंडीबाई म्हणाली.

माय हसली. "मी जितीच व्हतू ना, बहीन. कोनी इचारंच नई." आणि मग मात्र दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की शेजारच्या बाया जमा झाल्या.

माझी एक मैत्रीण मानसशास्त्र शिकवते. ती म्हणते, तू लहानपणी नानांच्या तोंडून हे नाव ऐकलं असशील, मनाने ते बाहेर काढलं. असेलही. पण नोंदीचा क्रमांक? 'सांदेवाला'? अंगठ्यावरची चीर? पोरांना मी अजूनही झापते. फक्त झापताना आवाज पहिल्यासारखा चढत नाही.

दोन दिवसांनी निघताना बोंडीबाईने मायला नवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, नागलीच्या पिठाची पिशवी दिली. परतीच्या गाडीत माय खिडकीशी बसून टेकड्या बघत होती. मला वाटलं दमली असेल, झोपेल. नंदुरबारचे दिवे दिसायला लागले तशी माझ्याकडे वळली आणि चारचौघींसारखी, अगदी तक्रारीच्या सुरात म्हणाली,

"दोनच दिन ऱ्हायनूत. माहेरले कोनी इतलं कमी ऱ्हास का?"